द्वारपालाची मूर्च्छा

बोरघाट उतरून खोपोलीस आलें म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिळफाटा लागतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील देश आणि पायथ्याचें कोंकण ह्यांच्यामधील रहदारी ज्या थोड्या वाटांनीं शतकानुशतकें चालत आली, त्यांपैकीं ही एक मोठी वाट. कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांचा इतिहास हा बव्हंशीं अशा वाटांचाच इतिहास आहे. वाट अरुंद असली म्हणजे तिच्या तोंडाशीं पहारा बसवितां येतो, येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतां येते, जकात वसूल करतां येते. हा तिचा गुण. परंतु वाट अरुंद असल्यामुळेंच ती अडवावयासहि थोडे लोक पुरतात; हा तिचा दोष. गुण आणि दोष दोन्ही एकाच अरुंदपणांतून जन्मास येतात, ही गोष्ट ह्या मुलुखानें वारंवार अनुभविली आहे.

२ फेब्रुवारी १६६१ रोजीं खोपोलीच्या दक्षिणेस, चावणी गांवानजीकच्या उंबरखिंडींत जें घडलें, तें सर्वश्रुत आहे. शाएस्तेखानानें धाडलेला कारतलबखान रायबाघन हिच्यासह मोठी फौज घेऊन घाट उतरून कोंकणांत शिरला. मोकळ्या मैदानांत त्या फौजेशीं सामना देणें शिवाजी महाराजांस जड गेलें असतें. परंतु फौज खिंडींत शिरतांच महाराजांनीं पुढची वाट अडविली आणि मागची बंद केली. संख्याबळ तेथें निरुपयोगी ठरलें, कारण खिंडींत एका वेळीं जेवढीं माणसें मावतात तेवढींच लढूं शकतात. पुढें जातां येईना, मागें फिरतां येईना, पाणीहि मिळेना. तेव्हां खानानें खंडणी देऊन आपली सुटका करून घेतली. बळ नुसत्या संख्येंत नसून जागेंतहि असतें, हा त्या दिवसाचा धडा.

पुढें इंग्रजी अमदानींत ह्या वाटा रुंद करण्याचे प्रयत्न झाले. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दींत बोरघाटांतून चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८५६ मध्यें आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि १८६३ मध्यें ती कर्जतकडून घाट चढून गेली. १९१५ मध्यें खोपोलीच्या टाटा जलविद्युत्-केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली. माणसें, माल, वीज, ह्या क्रमानें वाहतुकीचें रूप सूक्ष्म होत गेलें. आज त्याहूनहि सूक्ष्म अशी जी वाहतूक चालते, ती संदेशांची. बँकेंतील पैसे, इस्पितळांतील कागद, आगगाडीचीं तिकिटें, वीजकेंद्रांस द्यावयाच्या आज्ञा, हें सर्व संदेशांच्या रूपानें संगणकांच्या जाळ्यांतून धांवत असतें. ह्या वाटेवरहि खिंडी आहेत, खिंडींच्या तोंडाशीं पहारेकरी आहेत, आणि त्या पहारेकऱ्यांसच गांठणारे लोकहि आहेत. ह्या पहारेकऱ्यास फायरवॉल म्हणतात. तो निकामी कसा केला जातो, ह्याचा इतिहास अवघा चाळीस वर्षांच्या आंतबाहेरचा आहे. परंतु तो उंबरखिंडीच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे.

फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामांतला. इमारतीच्या एका भागास लागलेली आग दुसऱ्या भागांत जाऊं नये म्हणून मध्यें जी जाड, न जळणारी भिंत घालतात, तिचें हें नांव. संगणकांच्या जाळ्यांत अशी प्रत्यक्ष भिंत नसते. संस्थेचें आंतील जाळें आणि बाहेरचें जग ह्यांच्यामध्यें बसविलेलें तें एक पेटीवजा यंत्र असतें. किंबहुना तोहि एक संगणकच असतो. जाळ्यांतून जाणारा प्रत्येक संदेश लहान लहान तुकड्यांत विभागलेला असतो. ह्या तुकड्यांस पाकिटें म्हणतां येईल, कारण प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. फायरवॉल प्रत्येक पाकीट तपासून त्यास आंत सोडावयाचें कीं परत फिरवावयाचें, हें ठरविते. सर्व पाकिटांनीं एकाच दारानें यावें, म्हणजे सर्वांची तपासणी होईल, ही ह्यांतील कल्पना. म्हणजेच जेथें मोकळें मैदान होतें, तेथें आपण मुद्दाम एक खिंड निर्माण केली.

१९६९ सालीं अमेरिकेंत चार ठिकाणचे संगणक जोडून हें जाळें सुरू झालें, तेव्हां त्याच्या दारास कडीहि नव्हती. वापरणारे थोडे, बहुतेक विद्यापीठांतील, एकमेकांस ओळखणारे. खेडेगांवांत दिवसा दारें उघडीं ठेवतात, तसा तो काळ होता. तो २ नोव्हेंबर १९८८ रोजीं संपला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस ह्यानें एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारी एक आज्ञावली जाळ्यांत सोडली. ती एकाच यंत्रांत पुनःपुन्हा शिरूं लागली आणि तिच्या भारानें यंत्रें बसलीं. बाधित यंत्रांची संख्या सुमारें सहा हजार असावी, असा त्या वेळचा अंदाज होता. ह्या प्रकारांत कोणाची कांहीं चोरी झाली नाहीं, कोणाचे कागद जळाले नाहींत. फक्त कामें थांबलीं. ज्याचा हक्क आहे त्यास सेवा मिळूं न देणें, ह्यास इंग्रजींत डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. मराठींत त्यास सेवारोध म्हणावें.

ह्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि बेल प्रयोगशाळा येथील तंत्रज्ञांनीं पहिल्या फायरवॉली उभारल्या. त्या काळचा द्वारपाल साधा होता. तो पाकिटाचा बाहेरचा पत्ता तेवढा वाची आणि यादीशीं ताडून पाही. १९९४ मध्यें इस्रायलमधील चेक पॉइंट ह्या कंपनीनें जी फायरवॉल बाजारांत आणली, तिनें एक पाऊल पुढें टाकलें. तिच्याजवळ एक वही असे. आंतील कोणीं बाहेर कोणाशीं बोलणें सुरू केलें, तें कोठवर आलें, ह्याची नोंद त्या वहींत होई, आणि आलेलें पाकीट चालू संभाषणांतलें आहे कीं उपरें आहे, हें त्या नोंदीवरून ठरे. पुढील वर्षीं, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमानें हिंदुस्थानांत सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. नंतरच्या दशकांत द्वारपाल आणखी चौकस झाला. तो पाकीट फोडून आंतील पत्रहि वाचूं लागला. पत्ता पाहणें, वही ठेवणें, पत्र वाचणें, अशा ह्या तीन पायऱ्या होत. प्रत्येक पायरीस सुरक्षितता वाढली. परंतु प्रत्येक पायरीस द्वारपालाचें कामहि वाढलें, आणि जेथें त्याचें काम वाढलें तेथेंच त्याचें मर्म उघडें पडलें.

वहीचें मर्म प्रथम दिसून आलें तें १९९६ मध्यें. ६ सप्टेंबर रोजीं न्यूयॉर्क येथील पॅनिक्स नांवाच्या इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. दोन संगणक बोलूं लागण्यापूर्वीं तीन वेळां एकमेकांस साद घालतात. पहिला म्हणतो, ‘बोलावयाचें आहे’; दुसरा म्हणतो, ‘बोला, मीं नोंद केली आहे’; मग पहिला म्हणतो, ‘ठीक आहे’. हल्लेखोरानें सेकंदाला सुमारें दीडशें वेळां पहिली साद घातली आणि तीहि खोट्या पत्त्यांवरून. तिसरी साद कधींच आली नाहीं. प्रत्येक अर्धवट संभाषणासाठीं यंत्र सुमारें सव्वा मिनिट वाट पाहत बसे आणि तोंवर वहींतील ती ओळ अडकून राही. वही लहान, ती क्षणांत भरली, आणि खऱ्या गिऱ्हाइकांसाठीं एकहि ओळ उरली नाहीं. येथें वही सेवा देणाऱ्या यंत्राची होती. परंतु नोंदवही ठेवणाऱ्या प्रत्येक फायरवॉलीस हाच रोग जडूं शकतो. त्याच महिन्यांत गणिती डॅनियल बर्नस्टाइन ह्यांनीं ह्यावर एक सुंदर तोड सुचविली. पहिल्या सादेस वहींत नोंदच करूं नये. उत्तराबरोबर एक गुप्त खूण पाठवावी, आणि ती खूण घेऊन जो परत येईल त्याचीच नोंद करावी. खोट्या पत्त्यावर गेलेली खूण परत येणार कशी? ही युक्ति आजहि वापरांत आहे.

पत्र वाचण्याचें मर्म ह्याहून गंभीर निघालें. मार्च २००४ मध्यें विटी नांवाची एक आज्ञावली जाळ्यांत पसरली. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स ह्या कंपनीच्या फायरवॉली संदेश उघडून वाचीत असत. त्यांत एका विशिष्ट प्रकारचें पत्र वाचतांना घोटाळा होई, हें उघड झालें, आणि उघड झाल्यापासून सुमारें एका दिवसांतच विटीनें त्याचा फायदा घेतला. पाऊण तासांत तिनें बहुतेक दुर्बळ यंत्रें गांठलीं. एकूण सुमारें बारा हजार. यंत्रांत शिरून ती पुढील वीस हजार पाकिटें पाठवी आणि मग त्याच यंत्राच्या साठवणींतील एखादा भाग खोडून टाकी. ज्यांनीं घरास पहारेकरी ठेवलाच नव्हता, त्यांस ह्या विटीपासून कांहींच भय नव्हतें. ज्यांनीं सावधगिरीनें तो ठेवला होता, तेच बुडाले. रक्षणासाठीं आणलेली वस्तु स्वतःहि एक वस्तुच असते, आणि तिलाहि रक्षण लागतें, हें त्या दिवशीं पुरतें कळून आलें.

त्यानंतर अशा दोषांची मालिकाच सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस सिस्को कंपनीनें आपल्या फायरवॉलींतील एक दोष जाहीर केला. इंटरनेटवरून होणाऱ्या दूरध्वनीच्या संदेशांची तपासणी करतांना यंत्र थकून जाई किंवा एकाएकीं बंद पडून पुन्हा सुरू होई. दुरुस्ती तयार होण्यापूर्वींच दोषाचा गैरवापर सुरू झालेला होता. म्हणून सुचविलेल्या तात्पुरत्या उपायांपैकीं एक असा, कीं द्वारपालानें अशीं पत्रें वाचूंच नयेत! डिसेंबर २०२४ मध्यें पालो आल्टो नेटवर्क्स ह्या कंपनीच्या फायरवॉलींत तसाच दोष आढळला. नांवावरून पत्ता शोधून देणारी जी डी.एन.एस. नांवाची व्यवस्था आहे, तिच्या संदेशांची तपासणी आणि नोंद करीत असतां एकच वेडेंवांकडें पाकीट आलें तरी यंत्र मूर्च्छित होऊन पुन्हा उठे. तसलींच पाकिटें पुनःपुन्हा आलीं, तर तें उठण्याचाहि नाद सोडून दुरुस्तीच्या अवस्थेंत जाई आणि माणसाची वाट पाहत बसे. यंत्रास मूर्च्छेंतून उठावयास कांहीं मिनिटें लागतात. तेवढ्या मिनिटांनीं एक पाकीट पाठविलें, कीं दार अखंड बंद.

सेवारोधाचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. पहिला प्रकार पुराचा. जुलै २०१६ मध्यें मुंबईंतील इंटरनेट पुरविणाऱ्या लहान व मध्यम कंपन्यांवर अज्ञात लोकांनीं असा पूर सोडला. सेकंदाला सुमारें दोनशें गिगाबिट एवढा तो लोंढा होता, असें महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागाचे तत्कालीन महानिरीक्षक ब्रिजेश सिंह ह्यांनीं सांगितलें, आणि गुन्हाहि नोंदविण्यांत आला. असा पूर सोडावयाचा म्हणजे जगभरचीं असंख्य यंत्रें हल्लेखोराच्या अंकित असावीं लागतात. दुसरा प्रकार मर्माघाताचा. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत डेन्मार्कच्या टी.डी.सी. ह्या दूरध्वनी कंपनीच्या तंत्रज्ञांनीं दाखवून दिलें, कीं ‘आपण शोधतां तें दार येथें नाहीं’ अशा अर्थाचीं किरकोळ उत्तरपाकिटें एकसारखीं पाठविलीं, तर सेकंदाला पंधरा ते अठरा मेगाबिट एवढ्या क्षीण धारेनेंहि कांहीं नामांकित फायरवॉली बसतात. त्या प्रत्येक पाकिटाचा विचार करण्यांतच यंत्राचा मेंदू गुंतून पडतो. मुंबईवरील पुराशीं तुलना केली, तर ही धार त्याच्या दहाहजाराव्या हिश्शाहूनहि लहान. पुरास सैन्य लागतें. मर्माघातास खिंड ठाऊक असलेला एकटा मनुष्य पुरतो.

ह्यावर कोणी म्हणेल, कीं दार चार-पांच मिनिटें बंद राहिलें तर एवढें बिघडतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर विजेच्या इतिहासांत सांपडतें. खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्यें कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथेंहि जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. त्या काळीं केंद्राची देखरेख तेथेंच उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनीं होई. आतां दूरदूरच्या केंद्रांवर एका ठिकाणीं बसून नजर ठेवतात, आणि ती नजर संदेशांच्या वाटेनें जाते. ५ मार्च २०१९ रोजीं अमेरिकेंतील युटा येथील एसपॉवर ह्या कंपनीस हिचा अनुभव आला. कंपनीचें नियंत्रणकेंद्र आणि तिचीं निरनिराळ्या राज्यांतील सौर व पवन-वीजकेंद्रें ह्यांच्यामधील फायरवॉली सुमारें दहा तास वारंवार बंद पडून उठत राहिल्या. प्रत्येक खंड पांच मिनिटांहून कमीच होता, आणि सुदैवानें वीज खंडित झाली नाहीं. परंतु त्या प्रत्येक खंडांत नियंत्रकांस आपलीं केंद्रें दिसत नव्हतीं. उत्तर अमेरिकेच्या वीजव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेनें सप्टेंबर २०१९ मध्यें जें निवेदन काढलें, त्यांतील मुख्य गोष्ट अशी, कीं तो दोष आधींच ठाऊक होता आणि त्यावरील दुरुस्ती उपलब्धहि होती. ती बसविलेली नव्हती, एवढेंच.

मुंबईकरांस विजेविना शहर कसें होतें, हें १२ ऑक्टोबर २०२० रोजीं कळलें. सकाळीं दहाच्या सुमारास वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. ह्यामागें सायबर घातपात असावा, असा संशय मार्च २०२१ मध्यें राज्य शासनानें व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं मात्र ती मानवी चूक असल्याचें सांगितलें. त्या घटनेस फायरवॉलीचा दोष चिकटविण्याचें कारण नाहीं. परंतु अशी शंका घेतां येते आणि ती क्षणभर खरीहि वाटते, ह्यावरूनच आपलें दैनंदिन जीवन ह्या अदृश्य दारांवर किती विसंबून आहे, हें दिसून येतें.

द्वारपाल मूर्च्छित झाला असतां दार उघडें टाकावें कीं बंद ठेवावें, हा ह्या शास्त्रांतील सर्वांत बिकट प्रश्न. उघडें टाकावें, तर चोरास मोकळें रान मिळतें. बंद ठेवावें, तर घरच्या माणसांस उंबऱ्याबाहेर उभें राहावें लागतें. बहुतेक फायरवॉली दार बंदच ठेवतात, आणि बँकेच्या तिजोरीपुढें तें योग्यहि आहे. परंतु इस्पितळांत डॉक्टरास रोग्याचे कागद मिळत नसतील, तर तेंच बंद दार प्राणावर बेतेल. द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यावरील आडकाठी उठलीच नाहीं, तर टोल चुकविणारा आणि टोल भरणारा, दोघेहि सारखेच अडकून पडतात. म्हणून प्रत्येक दारामागें काय आहे, हें पाहून हा निर्णय आधींच शांतपणें करून ठेवावा लागतो. संकटाच्या घटकेस तो सुचत नाहीं.

आपल्या कायद्यानें सेवारोधाची हानि ओळखिली आहे. माहिती-तंत्रज्ञान कायदा २००० ह्याच्या ४३ व्या कलमांत, ज्याचा हक्क आहे त्यास संगणकाचा वापर करूं न देणें, हें स्वतंत्र गैरकृत्य मानलें आहे. चोरी झाली कीं नाहीं, हा तेथें प्रश्नच नाहीं. जानेवारी २००४ पासून सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा संकटांत मार्गदर्शन करते, आणि तिनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें सेवारोधासारखी घटना सहा तासांच्या आंत कळविणें बंधनकारक झालें आहे. परंतु कायदा अपराध्यास पकडतो. मूर्च्छा टाळीत नाहीं. ती टाळण्याचे उपाय घरगुती शहाणपणाचेच आहेत. दुरुस्ती जाहीर होतांच ती बसवावी, कारण दोष जाहीर होणें म्हणजे तो चोरासहि सांगणें होय. विटीस एक दिवस पुरला होता. द्वारपालाशीं हितगुज करण्याचें खिडकीवजा दार, म्हणजे त्याची कारभाराची पाटी, बाहेरच्या जगास दिसूं देऊं नये. गरज नसलेलीं पत्रें त्यास वाचावयास लावूं नयेत. एक पडला तर दुसरा असावा म्हणून दोन द्वारपाल ठेवण्याची चाल आहे आणि ती चांगलीहि आहे. परंतु दोघेहि एकाच घडणीचे असले, तर ज्या पत्रानें पहिल्यास मूर्च्छा येते, तेंच पत्र दुसऱ्यासहि पाडतें.

हीं कामें दिसावयास क्षुल्लक आहेत. नवें यंत्र विकत घेण्यांत जो उत्साह असतो, तो त्याची वेळच्या वेळीं निगा राखण्यांत नसतो. १८३० मध्यें घाटांतला रस्ता खुला झाला. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यांत तो टिकला, तो दरडी हटविणाऱ्या आणि खड्डे बुजविणाऱ्या हातांमुळें. रस्ता बांधणाऱ्याचें नांव इतिहासांत राहिलें. दरड हटविणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. संदेशांच्या वाटेवरहि तसेंच आहे. आपण रचलेल्या खिंडीच्या तोंडाशीं जो द्वारपाल उभा आहे, त्याची नाडी रोज पाहणारा कोणीतरी मनुष्य प्रत्येक संस्थेंत असला पाहिजे, आणि त्याच्या ह्या शांत, न दिसणाऱ्या कामाची कदर त्या संस्थेस असली पाहिजे.